डब्याबरोबरचा माणूस

आमच्या गावात भुताला भ्यायला परवानगी आहे. ओढ्याकाठच्या चिंचेखालून दिवस मावळल्यावर कुणी जात नाही आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही. बिबट्याला भ्यालेलं चालतं. बायकोला भिणाऱ्या माणसाची तर चेष्टा होते, पण प्रेमानं होते. फक्त ज्या घरातलं पोरगं मिलिटरीत आहे त्या घरानं अतिरेक्यांचं भय धरायचं नाही, असा कुणीही न लिहिलेला कायदा आहे. माण तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस पलीकडच्या डोंगरावरूनच माघारी फिरतो, त्यामुळं निम्मी पोरं मुंबईला जातात आणि उरलेली भरतीला. आळीआळीला एकतरी फौजी आहे. अशा गावात एखादा बाप पारावर बसून ‘मला पोराची काळजी वाटते’ असं म्हणाला, तर त्याचं पोरगं पलटण सोडून पळून आल्यासारखे लोक त्याच्याकडं बघतील.

माझे वडील, आबा, पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मेंढरं विकली आणि घोंगडं तेवढं ठेवून घेतलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ फौजेत हवालदार आहे, म्हणजे होता. त्या वर्षी तो वर बॉर्डरला होता. त्याची बायको आणि मुलगी आबांजवळ गावी असायच्या. मी थोरली. लग्न होऊन दोन-अडीच तासांच्या अंतरावर एका कॉलेजच्या गावात आले आणि तिथंच अकरावी-बारावीला मराठी शिकवते. त्या गावाचं नाव सांगत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळचं आहे, एवढं पुरे. तिथल्या स्टँडवर पुढं जे घडलं तो विषय काढलेला तिथल्या लोकांना अजून रुचत नाही आणि मला तर रोज त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची असते.

त्या वर्षी भावापुढं एक प्रश्न होता. त्याची नोकरी संपत आली होती. आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची का पेन्शन घेऊन घरी यायचं, हे त्याला महिनाअखेर पलटणीत सांगायचं होतं. आबांनी मला गोठ्याच्या आडोशाला नेऊन सांगितलं, त्याला म्हणावं बास झालं, ये आता. पण मी म्हणलो असं सांगू नको. भावानं मला फोनवर सांगितलं, आक्का, मला यायचंय, पण आबा सगळ्यांना सांगत फिरतात की माझं पोरगं बॉर्डरवर आहे. आता परत आलो तर त्यांना वाटेल, भ्यालं. मी बाई, दुसऱ्यांच्या मुलांना उताऱ्याचा आशय समजावून पोट भरणारी. दोघांचाही आशय दोघांनाही स्वच्छ मराठीत सांगितला. पण दोघांनाही वाटलं, ही मास्तरीण आपल्या मनचंच सांगते.

प्रत्यक्ष एकमेकांशी बोलायची सोय होती, नाही असं नाही. दर रविवारी सकाळी भावाचा फोन यायचा. आबांना कमी ऐकू येतं म्हणून भावजय स्पीकर लावून द्यायची. बरं हाय का, हाय की, तिकडं कसं, एकदम ओके. एवढं झालं की दोघं म्हशीकडं वळायचे. म्हैस किती दूध देते, कडबा खाते का, शिंगाजवळची जखम भरली का. त्या म्हशीच्या तब्येतीबद्दल जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्या घरात कुठल्या माणसाच्या तब्येतीबद्दल झालेलं मला आठवत नाही.

त्यातच एका मोठ्या शहरात स्फोट झाला. आमच्यापासून ते शहर शेकडो कोस लांब. पण टीव्हीवर ते दिवसभर जळत राहिलं, आणि दोन दिवसांत आमच्याकडच्या माणसांना आपण अगदी शेजारीच राहतो असं वाटायला लागलं.

माझ्या सासूबाई शिराळ्याच्या. नागपंचमीच्या गावची लेक, त्यामुळं नागाच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज पाहुण्याचं कौतुक सांगावं तसा होतो. लहानपणी म्हणे उंबऱ्यात नाग आला तेव्हा त्यांनी हात जोडून त्याला वाटेला लावलं होतं. त्याच सासूबाईंनी एका दुपारी मला चालू तासावरून घरी बोलावून घेतलं. दारात कुणीतरी पिशवी ठेवली होती. त्या मागच्या दारानं बाहेर पडून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. पिशवीत कढीपत्ता होता. शेजारणीनंच दिलेला, आणि सासूबाई बसल्या होत्या तो ओटाही त्याच शेजारणीचा.

कॉलेजातही तीच तऱ्हा. स्टाफरूमच्या ग्रुपवर पोस्ट आली की पाचगणीत चार संशयित उतरलेत आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यात लपलेत. ती पुढं पाठवली आमच्या उपप्राचार्यांनी, आणि त्याच शनिवारी ते सहकुटुंब पाचगणीला गेले. बुकिंग आधीच झालेलं होतं. खबरदारी म्हणून त्यांनी गाडीला तिरंगा तेवढा लावला.

मला खरा राग आला तो कुल्फीवाल्याच्या बाबतीत. स्टँडसमोर वीसेक वर्षं कुल्फी विकणारा उत्तरेकडचा एक गृहस्थ आहे. ज्यांनी लहानपणापासून त्याची कुल्फी खाऊन दात किडवून घेतले, त्यांनीच त्याला आधार कार्ड मागितलं. त्यानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी मागितलं, तिसऱ्या दिवशी पहिल्यांनीच परत. शेवटी त्यानं कार्डाला प्लॅस्टिक मारून ते गाड्यावर घंटेशेजारी टांगलं. लोक कुल्फी चोखत चोखत ते वाचायचे. मी दोघांतिघांना तिथंच फैलावर घेतलं, तर म्हणाले, मॅडम, देशासाठी एवढं करायला नको का.

गावाकडं सुभेदारांनी ग्रामरक्षक दल काढलं. सुभेदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मिशीला निवृत्ती मिळालेली नाही. त्यांचाही पोरगा फौजेतच, आसामकडं. त्यांनी दलाला शिट्ट्या वाटल्या आणि पारावर भाषण केलं की भ्या हा शब्द आपल्या रक्तात न्हाई. दलानं पहिल्याच आठवड्यात एक दाढीवाला पकडला. तो गावचाच जावई निघाला, बायकोला न्यायला आलेला. सासऱ्यानं ओळख पटवायला मुद्दाम वेळ लावला असं म्हणतात.

आणि आबा टीव्हीसमोर बसायला लागले. आधी बाज भिंतीकडं होती, ती त्यांनी पडद्याजवळ ओढून घेतली. काश्मीरचा नकाशा, त्यावर लाल गोल, मग ज्वाळा, मग हेल्मेट घातलेले जवान पळताना. ते जवान दिसले की आबा उठून पडद्याला नाक लावून एकेकाचं तोंड न्याहाळायचे. दाखवत होते ते शहर भावाच्या पोस्टिंगपासून कुठल्या कुठं होतं, हे मी त्यांना भूगोलासकट समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याजवळ गेले. भावजयीनं फोनवर सांगितलं की भाकरी अर्धी टाकून उठतात, कुणाचाही फोन वाजला तरी दचकतात. टीव्ही बंद केला तर शेजाऱ्याकडं जाऊन बघतात. मी तिला विचारलं, आणि तुला गं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, “मला स्वयंपाक असतो, वन्सं.”

आता डब्यांचं सांगते. आमच्या गावची कॉलेजात शिकणारी मुलंमुली मी शिकवते त्या गावात खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांच्या आया रोज पहाटे उठून त्यांना डबा पाठवतात. डबा पाठवतात म्हणजे सकाळच्या एसटीत ठेवतात. डब्याबरोबर कुणी जात नाही. कंडक्टर तो सीटखाली सरकवतो, स्टँडवर उतरवून बाकावर ठेवतो, आणि ज्याचा त्यानं उचलायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत. लग्नाआधी याच गावात शिकताना मी स्वतः याच डब्यांवर पदवीधर झाले. त्या बाकाच्या वर, भिंतीवर, वर्षानुवर्षं एक पोस्टर आहे: बेवारस वस्तूला हात लावू नका. त्यावर ट्रान्झिस्टर, बाहुली आणि तारा बाहेर आलेला एक जेवणाचा डबा, अशी चित्रं आहेत. त्या चित्राखाली रोज बेवारस डब्यांचा ढीग लागायचा आणि त्यांना हात लावण्यासाठी मुलांची झुंबड उडायची.

स्फोटानंतर कुणीतरी ते पोस्टर वाचलं असावं. नियम आला की प्रवाशाशिवाय डबा गाडीत घेतला जाणार नाही. डब्याबरोबर माणूस पाहिजे. गावात बायकांनी डोक्याला हात लावला. मेसचं खाऊन पोरांची पोटं बिघडतात, आणि रोज कामधंदा सोडून डब्यासोबत जाणार कोण? पारावर बैठक बसली. सुभेदार म्हणाले, पाळीपाळीनं दल जाईल. दलातल्या पोरांनी लगेच शिट्ट्या खिशात घातल्या. तेव्हा आबा उठले. पंच्याहत्तरीवरच्या माणसाला एसटी फुकट आहे. ते म्हणाले, “मी जातो. मला तिकीट न्हाई आन् कामबी न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून आबा डब्यांचे प्रवासी झाले, का डबे आबांचे, ते सांगता येणार नाही. त्यांनी आयुष्यभर एकच विद्या केलेली, ती त्यांनी डब्यांना लावली. मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून त्यांच्या पाठीवर लाल रंगाची खूण करतात. आबांनी आमच्या गावच्या प्रत्येक डब्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. वाटेत कोकरू मागं राहू नये म्हणून लहान कोकरं एका दोरीला ओळीनं अडकवायची त्यांची रीत होती. तसे सगळे डबे कड्यांतून तार ओवून एकमेकांना जोडले. दोरी निसटते म्हणून तार घेतली, आणि आमच्याकडं तार म्हणजे जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगमधून निघालेली तांब्याची तार. विहिरीवरच्या मोटारी सारख्या जळत असल्यामुळं ती घरोघरी पडलेली असते आणि खाटेपासून चष्म्यापर्यंत सगळं तिनंच बांधलं जातं. वर थंडीवाऱ्याचं घोंगडं घालायचं. कुठला डबा कुणाचा हे आबा न वाचता सांगायचे, कारण त्यांना वाचता येत नाही. एखाद्या मुलीनं डबा अर्धा परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी तिला बाकाशेजारी उभं करून विचारायचे की बाई, जीव बरा न्हाई का.

डबे वाटून झाले की माझ्याकडं जेवायला यायचे. सासूबाईंशी नाग आणि लांडगे यांवर गप्पा मारायचे. भाकरी पुरी खायचे. टीव्हीचं नाव काढत नव्हते. मी मनात त्या नियम काढणाऱ्याला दुवा दिला. मात्र भावाचा विषय काढला की ते म्हणायचे, “त्येचं त्येला कळतंय की,” आणि पान लावायला घ्यायचे. महिनाअखेर जवळ आली होती.

मग तो बाजाराचा दिवस आला. गाडीला कंडक्टर नवा होता. मधल्या एका स्टँडवर गाडी थांबली, आबा लघवीला उतरले. त्या वयात त्या कामाला जो वेळ लागतो तो नव्या कंडक्टरच्या हिशेबात नव्हता. त्यानं घंटी मारली आणि गाडी सुटली. आमच्या स्टँडवर आल्यावर त्याला सीटखाली घोंगड्याचा गठ्ठा दिसला आणि गठ्ठ्याचा माणूस दिसेना. माणसाशिवाय डबा गाडीत ठेवायचा नाही, हा नियम त्याला पाठ होता. म्हणून नियमाप्रमाणं त्यानं गठ्ठा उचलून बाकावर ठेवला आणि नियमाप्रमाणंच गाडी पुढं सांगलीला नेली.

बाकावर टेकायला आलेल्या एका माणसानं घोंगड्याचं टोक बाजूला सारलं. आत ओळीनं गोल पत्र्याचे डबे, प्रत्येकावर लाल ठिपका, आणि डब्याडब्यातून गेलेली झगझगीत तांब्याची तार. त्यानं वर पोस्टरकडं बघितलं. मग खाली बघितलं. मग तो पिशव्या टाकून पळाला, त्यामुळं स्टँडवर बेवारस वस्तूंची आणखी भर पडली.

पुढं जे झालं ते मी अर्धं बघितलं, कारण कॉलेज स्टँडला लागूनच आहे आणि गलका ऐकून आम्ही सगळे बाहेर आलो होतो. माणसं एकमेकांना तुडवत बाहेर पळाली, आणि फोनमध्ये चित्र नीट येईल एवढ्या अंतरावर जाऊन थांबली. लाऊडस्पीकरवरून प्रवाशांनी घाबरून जाऊ नये अशी सूचना येत होती. ती सांगणारे गृहस्थ माईकची वायर पुरेल तिथवर रस्त्यावर आलेले होते. कुल्फीवाला गाडा सोडून जाऊ शकत नव्हता. पळता पळता दोघांनी त्याच्याकडं संशयानं बघून घेतलं.

एवढ्यात आमच्या गावची मुलं भुकेनं डबे न्यायला आली. पोलिसांनी दोरी लावली होती. मुलं साहेबांना सांगायला लागली की ते आमचे डबे आहेत, तार रोजचीच आहे, आमच्या गावचे एक आजोबा घेऊन येतात. साहेबांनी विचारलं, आजोबा कुठं आहेत? मुलांना सांगता येईना. मी पुढं होऊन सांगितलं, ते माझे वडील आहेत. त्यांनी मलाही तेच विचारलं. मग म्हणाले, “मॅडम, पथक निघालंय. आता ते डबे असले तरी त्यांना बॉम्ब म्हणूनच उघडावं लागेल.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. घोंगडं तिथं होतं आणि आबा नव्हते. मेंढरं विकल्यापासून ते घोंगडं मी कधी आबांशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांना वाटेत काही झालं असेल, हे एक. आणि दुसरं, खरं सांगते, माझ्याही मनात आलं की मधल्या वेळात कुणी त्यात खरंच काही ठेवलं असेल तर? कढीपत्त्याला भ्यालेल्या सासूबाईंना मी महिनाभर हसत होते. आता माझे पाय दोरीच्या अलीकडं रुतले होते.

आबा वडापमधून आले. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. ते मागच्या फळीवर उभे राहून, दांडा धरून आले होते. उतरले, गर्दी बघितली, कुणाला तरी विचारलं. त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. ते दोरीखालून वाकून आत गेले. साहेब ओरडले, शिट्ट्या वाजल्या. आबा मेंढरांमागं चालायचे त्याच चालीनं मोकळ्या फलाटावरून चालत राहिले.

मधेच ते थांबले. बाक दहाबारा पावलांवर असेल. त्यांनी घोंगड्याकडं बघितलं, भिंतीवरच्या चित्राकडं बघितलं. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती पाठ मी जन्मभर ओळखते. त्यांनाही तेच वाटलं होतं जे मला वाटलं होतं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पुन्हा चालायला लागले, बाकापाशी गेले आणि डब्यांशेजारी बसले.

घोंगडं काढलं. तार सोडवायला घेतली, पण पीळ काही सुटेना. शेवटी तार तशीच ठेवून त्यांनी कडेच्या एका डब्याचं वरचं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि सगळ्या गावासमोर खाल्ला. चावायला त्यांना वेळ लागतो, दात कमी आहेत.  मग ते दोरीच्या दिशेनं म्हणाले, “या की रं पोरांनो. निवलं समदं.”

टाळ्या पडल्या. पथक आलं तेव्हा मुलं बाकावर बसून जेवत होती. पथकातल्या माणसांनी नियमाप्रमाणं रिकाम्या डब्यांची तपासणी केली. आबांना साहेबांनी रागावून घेतलं, मग त्यांच्यासोबत फोटो काढला. घरी आल्यावर आबांनी हात धुवायला नळ सोडला आणि हात नळाखाली धरून तसेच उभे राहिले. मी नळ बंद केला तेव्हा दचकले. जेवले नाहीत.

संध्याकाळपर्यंत त्यांचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. पहिल्या पोस्टमध्ये ते शूर शेतकरी होते. रात्रीपर्यंत निवृत्त कमांडो झाले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना शिराळ्याहून त्यांच्या भावाचा फोन आला की तुमच्या पाहुण्यांनी दातानं तार तोडून बॉम्ब निकामी केला म्हणे. सासूबाई म्हणाल्या, व्हय, आणि मग माझ्याकडं बघून फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. एसटीनं मात्र डबे घेणं पुरतंच बंद केलं, माणसासह आणि माणसाविना. मुलं मेसला लागली. आबा गावी परत गेले आणि भावजयीचा फोन आला की बाज पुन्हा टीव्हीजवळ गेली आहे.

रविवारी गावानं सत्कार ठेवला. मारुतीच्या पारावर सतरंजी, खुर्च्या, माईक. मी आदल्या दिवशीच आले होते. सरपंचांनी आबांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. भाषणात ते म्हणाले की भीती कशाशी खातात हे या घराला ठाऊकच नाही, बाप इथं लढतो आणि मुलगा तिथं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. आबा शालीत आकसून बसले होते. कडेला बायकांत उभी असलेली भावजय खाली बघत होती. महिना संपायला दोनच दिवस होते, हे त्या पारावर आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. रविवार सकाळ. भावाचाच. सरपंचांना तर आनंदाचं भरतंच आलं. स्पीकर लावा, म्हणाले, आपल्या जवानाचं मनोगत सगळ्या गावाला ऐकू दे. त्यांनी स्वतः फोन आबांच्या हातात देऊन वर माईक धरला.

भाऊ म्हणाला की सगळ्या कंपनीनं व्हिडिओ बघितला. पारावर टाळ्या पडल्या. त्या त्याला ऐकू गेल्या असाव्यात, पण तो थांबला नाही. म्हणाला, “पन आबा, परत असं पुढं जायचं न्हाई. त्याला ट्रेनिंग लागतं.”

“तू जातूस की,” आबा म्हणाले.

“माझं काम हाय ते.”

 आता म्हैस येणार, असं मला वाटलं.

“मधी थांबलो व्हतो मी,” आबा म्हणाले. “दिसलं का तुला त्यात?”

“दिसलं.”

“पाय उचलंना. मला लय भ्या वाटलं रं.”

माईकमुळं ते देवळाच्या आतपर्यंत गेलं. सरपंचांनी घाईनं फोनकडं हात नेला, बहुधा स्पीकर बंद करायला. सुभेदारांनी त्यांचं मनगट धरलं.

“तुला वाटतं का?” आबांनी विचारलं.

 लाईन तुटली असं समजून आबांनी फोन कानाला लावला, मग पुन्हा तोंडासमोर धरला.

“वाटतं, आबा. रोज वाटतं.”

“मलाबी रोज वाटतं. तू गेलास तवापास्नं. बास झालं आता, ये घरी.”

“तुमी कवा म्हणलाच न्हाई.”

“आता म्हणतूय. समद्या गावाम्होरं म्हणतूय.”

“येतो,” भाऊ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

भावजय होती तिथंच पायरीवर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडले, कुणी बघतंय का याची फिकीर केली नाही. टाळ्या वाजवायच्या का नाही हे लोकांना कळेना. सरपंचांनी माईक बंद केला आणि पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला, पण पेढा घ्यायला हात कुणी पुढं करेना. आबांनी शाल काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

मग सुभेदार उठले. पाराच्या मागं, भिंतीच्या आडोशाला गेले. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर करून आसामचा नंबर शोधला आणि लावला. स्पीकर त्यांचाही चालूच असतो, कान त्यांचेही आबांच्याच वयाचे. पलीकडून पोरगा घाबऱ्याघुबऱ्या विचारत होता की आता अवेळी कसा फोन, काय झालं.  सुरुवात सुभेदारांनीही म्हशीपासूनच केली.